एक माणूस पुरेल

१२ ऑगस्ट १९८७

गेली पहिलीच मुलाखत! आणि गेली कशावरून, तर चपलांवरून.

नागपूरला धरमपेठेत ऑफिस. लोकांचे हिशेब कॉम्प्युटरवर करून देणारी कंपनी. दार उघडलं तर आत गालिचा, टेबलापलीकडे तीन साहेब. मी काय करावं? उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि अनवाणी आत गेले! कुणाच्याही घरी जाताना काढतो तशा. विचारसुद्धा केला नाही, हात आपोआप खाली गेला. स्टँडपासून चिखल तुडवत आलेले पाय. गालिच्यावर पाचही बोटं उमटली. तिघांनी आधी माझे पाय पाहिले, मग एकमेकांची तोंडं. मधला हसू दाबत होता, ते मला दिसत होतं.

मग — "टेल अस अबाउट युवरसेल्फ." शेजारच्या यादोराव गुरुजींनी हे महिनाभर घोकून घेतलं होतं. आधी नाव, मग गाव, तालुका, जिल्हा, वडील काय करतात, आई काय करते, भावंडं किती. मी सुरू केलं. माय नेम इज विशाखा डोमाजी शहारे... आईपर्यंत पोचले तेवढ्यात मधल्याने हात वर केला. "कोबोल येतं का, तेवढं सांगा." मराठीत!

येतं, म्हटलं. कॉम्प्युटरची तीच तर एक भाषा शिकले. "कुठल्या मशीनवर काम केलंय?" इथे बसली खीळ. कॉम्प्युटरच्या क्लासात चाळीस जण आणि मशीन एक. आठवड्यातून दहा मिनिटं हाताला लागायचं, तेही वीज असली तर. बाकी सगळं कागदावर. चौकोन छापलेल्या कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचा आणि मनातल्या मनात चालवून बघायचा. माझा प्रोग्राम कागदावर चुकत नाही. क्लासचे सर इतरांना माझे कागद दाखवायचे. पण कागद चालवणाऱ्या बाईला नोकरी कोण देणार?

"कळवू," म्हणाले. कळवणार नाहीत.

१३ ऑगस्ट

आजचा दिवस सल्ल्यांचा. लोकांना काही म्हणजे काही काम नाही.

गुरुजी म्हणाले, आवाज पडला असेल, पुढच्या वेळी जोरात बोल. लीलाआत्या म्हणाली, साडी फिकी होती. आई म्हणाली, "दही न खाता गेलतीस, मंग अजून काय होईन?" नागपूरच्या कंपनीला माझ्या पोटातलं दही कसं कळणार, ते तिलाच ठाऊक.

संध्याकाळी बाबांसोबत भय्याजीकाका आले. बाबा, काका आणि इश्वर — नदीपलीकडच्या पाइपांच्या कारखान्याचं हजेरी-पगार खातं म्हणजे हे तिघं. सातशे कामगारांची हजेरी तिघं मिळून ओढतात. काका मूळचे लाखांदूरकडचे, घरचं धान आहे. बाबा आणि ते वीस वर्षं एका डब्यात जेवतात. सुरुवातीला त्यांच्या भाऊबंदांनी त्यावरून पुष्कळ ऐकवलं म्हणे. काकांनी डबा सोडला नाही.

काका म्हणाले, "बाई, मान वर करून बोलत जा. आपून काही मांगाले नाही जात. काम कराले जातो. अन् चपला नोको काढू आता!"

एवढाच एक सल्ला आवडला. बाबा काहीच बोलले नाहीत. ते कधी बोलत नाहीत.

२३ सप्टेंबर

हसावं की रडावं!

आजची कंपनी सिव्हिल लाइन्समध्ये. काकांचं ऐकलं. मान वर. चपला पायात घट्ट. केबिनमध्ये सगळं चांगलं झालं. एका बाईसाहेबांनी प्रोग्राम लिहायला दिला, लिहिला. त्यांनी वाचला, "गुड" म्हणाल्या. म्हणाल्या, चल, आता मशीनवर टाकून दाखव.

मशीनची खोली काचेची. आत थंडगार. मी मान वर करून, चपला घालून, ठक ठक करत आत! मागून ओरडा. बाईसाहेब दाराशी उभ्या, अनवाणी. दाराबाहेर सगळ्यांचे बूट-चपला ओळीने मांडलेले. धूळ आत जाऊ नये म्हणून तिथे सगळेच काढतात. साहेबसुद्धा. मी मान वर ठेवली होती ना — खाली बघितलंच नाही!

मशीन बघणारा माणूस फडकं घेऊन माझ्यामागे जमीन पुसत आला. इतकी लाज वाटली की की-बोर्डवरची अक्षरं दिसेनात. एक ओळ टाइप करायला किती वेळ लागला, देव जाणे. बाईसाहेब शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला सवय नाहीये." वाईट नाही बोलल्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणजे केबिनमध्ये घालायच्या आणि मशीनपाशी काढायच्या. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

२४ सप्टेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर

तिसरी. ही सर्वांत छोटी झाली. बसता बसता विचारलं, "शहारे म्हणजे?"

भंडाऱ्याकडचं आडनाव आहे, म्हटलं.

"ते कळलं. पण म्हणजे..." मग स्वतःच म्हणाले, "आमच्याकडे कोटा नसतो बरं का."

मी कोटा मागितला होता का? अर्जात कुठे लिहिलं होतं? माझे गुण समोर होते, कागद समोर होते, ते उलटून बघितलेसुद्धा नाहीत. मग दुसरा प्रश्न. लग्न कधी करणार? लग्न झाल्यावर काम सोडणार का? रात्री थांबावं लागलं तर घरचे थांबू देतील का? मी म्हटलं, तुम्हाला प्रोग्रामबद्दल काही विचारायचं आहे का? उद्धट वाटले असेन. वाटू दे.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून रडले. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कोनी गेलं का वो बाई?" हो म्हटलं. काय सांगणार होते?

१५ नोव्हेंबर

मामा आला. आमगावचं स्थळ घेऊन. मास्तर आहे, घर आहे, चांगलं आहे सगळं. एक अट — बायकोने नोकरी करायची नाही. आई म्हणाली, उन्हाळ्यापर्यंत थांबू. उन्हाळ्यापर्यंत नोकरी लागली तर लागली, नाही तर होकार देऊन टाकू. मामा म्हणाला, "ते लोक थांबतीन उन्हाळ्यावरी. पुढं नाही."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा चप्पल शिवत बसले होते. म्हणाले, "उन्हाळ्याले टाइम हाय."

२२ जानेवारी १९८८

अर्ज — उत्तर नाही. अर्ज — उत्तर नाही. एका ठिकाणाहून उत्तर आलं, तर जागा भरल्याचं. रोजगार केंद्रावर गेले. तिथला माणूस म्हणतो, प्रोग्रामर असा रकानाच नाही आमच्याकडे, टायपिस्टमध्ये टाकू का? टाका म्हटलं.

सकाळी उठावंसं वाटत नाही. उठून काय करायचं? कोडिंगचे कागद काढते, एखादा प्रोग्राम लिहिते, मनात चालवते, बरोबर येतो, ठेवून देते. चार भिंतींत बरोबर येणाऱ्या गोष्टीचा कुणाला उपयोग नाही. आई म्हणते, सुकून चाललीस. मी तिच्यावर खेकसले. नंतर तिने ताट वाढलं. लाखोरीची डाळ आणि भात. मला आवडते म्हणून केली होती. तरी मी नीट जेवले नाही, वाईट आहे मी.

१९ फेब्रुवारी

बाबा आज बोलले! जेवताना. मान खाली घालून, भाताशी बोलल्यासारखे.

"कारखान्यात मशीन येऊन राहिली."

कसली मशीन? "तुही मशीन. कॉम्प्युटर. हजेरी-पगारासाठी. एक मानूस पाहिजे त्याईले, चालवाले. मी साहेबाले सांगून आलो, माही पोरगी हाय म्हून. साहेब म्हनले, सगळ्यायसंगंच येऊ द्या, इंटरव्ह्यू होईन."

घास हातातच राहिला माझा. बाबांनी कुणाकडे शब्द टाकलेला मी आजवर पाहिला नाही. माझ्या शाळेच्या प्रवेशासाठीसुद्धा टाकला नव्हता.

आशा करायची नाही, असं ठरवलंय. ठरवून काय होतं?

६ मार्च

बाबा शिकवत आहेत मला. रोज कामावरून आल्यावर. गेल्या पंधरा दिवसांत बाबा जेवढं बोलले, तेवढं माझ्या जन्मात बोलले नसतील!

त्यांच्या खात्यात कामाची एक रीत आहे. भय्याजीकाका हजेरी पुकारतात, इश्वर लिहितो, बाबा मागून ताळा बघतात. एकशे चार, पूर्ण. एकशे पाच, आधा. एकशे सहा, ओव्हरटाइम. लहानपणी मी बाबांना डबा द्यायला जायची, तेव्हा फाटकापासून ऐकू यायचं ते, शाळेत पाढे म्हणतात तसं. आता घरात बाबा पुकारतात आणि मी लिहिते. आई म्हणते, घराचा कारखाना केला.

आणि रोवणीची बदली! ही कुठल्या पुस्तकात असणार नाही. धानाची रोपं लावायची रोवणी लागली की अर्धा कारखाना शेतावर जातो. मग कामगाराच्या जागी त्याचा भाऊ नाहीतर पोरगा येऊन पाळी करतो. नंबर एक, माणसं दोन. हजेरी मूळ माणसाची, पण जेवणाचं कूपन आलेल्याचं, आणि हात-पाय मोडला तर तोही आलेल्याचाच. मागे एक मोठा साहेब ही रीत बंद करायला निघाला होता, तर ऐन रोवणीत कारखानाच बंद पडला. तेव्हापासून कुणी नाव काढत नाही.

हे प्रोग्राममध्ये कसं बसवायचं, त्यावर दोन रात्री घालवल्या. आज बसलं! प्रत्येक नंबराखाली बदलीवाल्यासाठी वेगळी जागा ठेवायची, कधीपासून कधीपर्यंत. बाबांना कागदावर चालवून दाखवलं. त्यांना कोबोलचं काही कळत नाही. पण बोट ठेवून ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "हे भय्याजीले दाखवलं पाहिजे." मग लगेच म्हणाले, "राहू दे. नोको दाखवू."

१४ एप्रिल

जयंती. विहारात गेलो. मिरवणुकीत आई नाचली! मीही नाचले थोडी. सहा महिन्यांत पहिल्यांदा. इंटरव्ह्यू वीस तारखेला आहे. बाकीचे चौघे नागपूरचे आहेत म्हणे.

१९ एप्रिल

उद्या.

बाबांनी संध्याकाळी अंगणात बोलावलं. म्हणाले, "एक सांगतो. ध्यानात ठेवजो. ते इचारतीन, मशीन लागल्यावर किती मानसं लागतीन. तू एक सांगजो."

मी म्हटलं, दोन तरी लागतील बाबा. एक टाकायला, एक तपासायला.

"दोन नाही. एक."

काहून? मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मी सांगून राहिलो ना. बाकीचे पोट्टे दोन सांगतीन, तीन सांगतीन. जो एक सांगीन, त्यालेच घेतीन. हे लोक मशीन कायले आनून राहिले?"

बरोबर आहे. आजवरच्या सगळ्या सल्ल्यांत हा पहिला कामाचा! गुरुजींचा आवाज नको, आत्याची साडी नको. बाबा त्या लोकांना वीस वर्षं ओळखतात.

२० एप्रिल

झालं! चांगलं झालं. फारच चांगलं झालं!

मॅनेजर साहेब होते आणि मशीन विकणाऱ्या कंपनीचा मुंबईचा माणूस. केबिनमध्ये चपला घालून गेले. स्वतःबद्दल विचारलं, तर गाव-तालुका काही नाही, सरळ काय येतं ते सांगितलं. मशीनवर हात कमी बसलाय, हेही सांगितलं. आता लपवून काय? मुंबईवाला म्हणाला, हात काय, महिन्यात बसतो. मॅनेजर साहेबांनी रोवणीचं विचारलं. मला वाटलं, अंगात वारं शिरलं. कागद मागितला आणि काढूनच दाखवलं. मुंबईवाल्याने तो कागद मागून घेतला, आपल्या फायलीत ठेवला.

आणि शेवटी तोच प्रश्न! हजेरी-पगाराला पुढे किती माणसं लागतील? मी म्हटलं, एक. साहेब म्हणाले, नक्की? मी मान वर करून म्हटलं, एक माणूस पुरेल, सर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "व्हेरी गुड." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी व्हेरी गुड म्हटलं, इंटरव्ह्यूत.

बाबा फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. म्हणाले, "मानसाचं इचारलं?" हो. "किती सांगतलं?" एक. "बेस केलं," म्हणाले. मी मागे कॅरिअरवर बसून बडबडत होते, आणि ते पेडल मारत होते. घरी आल्यावर बराच वेळ हात धूत राहिले.

आता आई झोपली आहे. मला झोप येत नाही. सगळं परत परत आठवतं. एक म्हटलं आणि त्यांचे चेहरे कसे उजळले! आता तिथे तीन माणसं जे करतात, ते एक करणार. तो एक म्हणजे मी. आणि तीन म्हणजे —

२१ एप्रिल

सकाळी विचारलं. बाबा दाढी करत होते.

"तुम्हाला माहीत होतं."

आरशातच बघून म्हणाले, "मशीन तर येतेच. मी नाही म्हनलो तं थांबते का? तिच्यासमोर कोनी ना कोनी बसनारच हाय. मंग तू काहून नाही?"

आणि तुम्ही?

"मले दोन वर्षं राहिले. माहं सोड."

आणि भय्याजीकाका? इश्वर?

वस्तरा थांबला. बाबांनी तोंड धुतलं, टॉवेल घेतला, सायकल काढली आणि गेले.

एवढी कशी मी आंधळी! प्रोग्राम कागदावर चालवून बघते, पुढे काय होईल ते चार चार पायऱ्या आधी सांगते, आणि हे दिसलं नाही! दिसलं नाही की बघायचंच नव्हतं? मला नोकरी हवी होती. कुठलीही. कशीही.

२४ एप्रिल

काका आले होते. रविवार. कारखान्यात बातमी फुटली आहे.

दारातच उभे राहिले. आई बसा बसा म्हणत होती, पाणी आणलं, त्याला हात लावला नाही. बाबा उठून पुढे गेले.

"डोमाजी, वीस वर्षं एका डब्यात जेवलो. माह्या घरच्याईनं शिव्या देल्ल्या, तरी जेवलो. एका शब्दानं सांगाचं तं होतं मले!"

बाबांनी लोटा उचलून त्यांच्यापुढे उंबऱ्यावर ठेवला.

"पोरीले शिकवत होते तुमी. हजेरी पुकारून पुकारून. माही हजेरी!" मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "अन् तुले मान वर करून बोल म्हून मीच सांगतलं होतं."

गेले. पाण्याचा लोटा उंबऱ्यावर तसाच.

२६ एप्रिल

पत्र आलं. दोन मेपासून.

आईने पत्र हातात धरून मुका घेतला त्याचा. तिला वाचता येत नाही. मामाला निरोप पाठव म्हणाली, आमगावला नाही म्हणून सांग. एवढं सुख मी तिला कधी दिलं नव्हतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

२८ एप्रिल

जाणार नाही. ठरलं. आमगाव तर आमगाव. भाकरी थापीन, मास्तराच्या वह्या तपासून देईन. निदान कुणाच्या जागेवर बसणार नाही.

बाबांना सांगितलं. बाबांना मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. आवाज मात्र चढवला नाही. "तू नाही गेली तं नागपूरचा पोट्टा येईन. तो दोन म्हनला होता. ते त्याच्याकडून एक करून घेतीन. भय्याजीची जागा वाचते का? माही वाचते का? काहीच वाचत नाही. फक्त तू घरी राहाशीन."

मी म्हटलं, पण हात तरी माझे नसतील.

"हात!" म्हणाले. "माह्या बापाचे हात काय करत होते, मालूम हाय तुले? मी ते हात पाहून शाळा शिकलो. तू शिकली. आता हात मागं घेतेस?"

नंतर आईने सांगितलं ते वेगळंच. साहेबांनी बाबांना बोलावलं होतं. इश्वर टेम्पररी, तो जाणारच. कायम दोघं, त्यांतल्या एकाला फाटकाजवळच्या वजनकाट्यावर घेतील, एकाला जावं लागेल. बाबा मोठे, काटा बाबांना मिळत होता. बाबा म्हणाले, भय्याजीले द्या. काकांना हे माहीत नाही. आईला शपथ घातली आहे, सांगायचं नाही म्हणून.

मी म्हटलं, आई, मी सांगते. आई म्हणाली, "नोको सांगू. तुह्या बापानं आपल्या मनानं केलं. तेवढं तरी राहू दे त्याचं."

१ मे

ऊन. आईने उद्यासाठी माझी साडी धुऊन वाळत घातली, मी नको म्हटलं नाही.

२ मे

मी कामावर गेले. बाबा गेले नाहीत.

१७ मे

काचेची खोली, थंड हवा, दाराबाहेर एकच चपलांचा जोड. माझा. दिवसभर बोलायला कुणी नाही. शेजारच्या खोलीला कुलूप घातलंय. तिथून पुकारा ऐकू यायचा. आता माझ्या की-बोर्डची टकटक, ती फक्त मलाच ऐकू येते.

सकाळ-संध्याकाळ फाटकातून जावं लागतं. काका काट्यावर बसलेले असतात. ट्रकचे नंबर लिहीत. मी "काका" म्हणते. ते काट्याचा दांडा बघत राहतात. रोज म्हणते. रोज तेच.

इश्वर गेला. गोसीखुर्दला धरणाचं काम निघालंय, तिथे मस्टर लिहायला माणूस हवा होता म्हणे. बायको-पोरं माहेरी ठेवून गेला.

११ जून

पहिला पूर्ण पगार मशीनने काढला. सातशे नावं. चूक नाही. एकही नाही! साहेबांनी पेढे वाटले. मी माझा पेढा रुमालात बांधून घरी आणला आणि फेकून दिला. बाबांनी विचारलं, सगळं बरोबर निघालं? हो म्हटलं. "ओव्हरटाइमचा ताळा पाहिला?" पाहिला. "मंग बेस."

ते आता सकाळी लवकर उठतात, सायकल पुसतात, आणि परत भिंतीला टेकवून ठेवतात. दुपारी खांब तलावावर जाऊन बसतात, असं गुरुजी सांगत होते. मला हे बघून जीव नकोसा होतो. कुणी विचारलं ना, की नोकरी लागल्यावर कसं वाटतं — तर काय सांगू? कुणी विचारत नाही ते बरं आहे. सगळे अभिनंदनच करतात.

२९ जुलै

रोवणी लागली. आजच बावन्न बदल्या आल्या. मशीनने सगळ्या घेतल्या. मी टेबलावर डोकं ठेवून बसून राहिले थोडा वेळ. मला काहीच वाटेना. आनंद नाही, दुःख नाही, काही नाही. बाहेर पाऊस होता. काका काट्यावर नव्हते, शेतावर गेले असतील. त्यांच्या नंबरावर त्यांचा पुतण्या बसला होता.

७ ऑगस्ट

भय्याजीकाका आले. शेतावरून सरळ, पोटऱ्यांपर्यंत चिखलाचा गारा. सोबत त्यांची मुलगी मंदा. बी. कॉम. झालेली. मेमध्येच तिला कॉम्प्युटरच्या क्लासला टाकली म्हणे. मेमध्येच!

उंबऱ्याबाहेरच थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोंदियाले एका बिडीवाल्याच्या ऑफिसात मशीन येऊन राहिली. मंगळवारी इचा इंटरव्ह्यू हाय. काय सांगाव लागते, ते इले सांग. तुह्या बापानं तुले सांगतलं, तसं."

मी विचारलं, काका, तिथे आत्ता किती कारकून आहेत?

"अकरा."

मंदा आमच्या दोघांकडे बघत होती. बाबा आतून खुर्ची घेऊन आले आणि तिच्यासाठी मांडली.